कमरेला बांधायचा पाट

संपादकांचा फोन आला. दिवाळी अंकासाठी 'विद्यार्थ्यांनी स्टार्टअप स्पर्धा कशी जिंकावी' यावर मी लिहावं, माझा अनुभव दांडगा आहे, असं त्यांचं म्हणणं. हे बायकोला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. तिला इतकं हसू आलं की शेवटी मलाच उठून पाणी आणून द्यावं लागलं.

तिचं हसणं रास्त आहे. मी शिरूरच्या कॉलेजात एकतीस वर्षं कॉमर्स शिकवलं. भांडवल, बाजारपेठ, नफा, तोटा यांच्या व्याख्या मी झोपेतही सांगेन. स्वतः मात्र आयुष्यात एकच धंदा केला, तो कोंबड्यांचा. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी परसात शंभर पिल्लं आणली. रोग आला नाही, कुत्र्यांनी नेली नाहीत, बाजारभावही पडला नाही. पण दर रविवारी तिच्या माहेरचं नाहीतर माझ्याकडचं कुणी ना कुणी यायचं, आणि दारात कोंबड्या फिरत असताना पाहुण्याला आमटी-भात कसा वाढायचा? दिवाळीपर्यंत धंदा पोटात गेला. अशा माणसाने पोरांना उद्योजक बनवायचं, हे सरकारी परिपत्रकातच शक्य आहे.

परिपत्रक आलं ते असं, की प्रत्येक कॉलेजात नवोपक्रम कक्ष असावा आणि त्याला एक समन्वयक असावा. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये नजर फिरवली. विज्ञानवाल्यांनी लगबगीनं पेपर तपासायला घेतले, गणिताच्या मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी चहा पीत होतो, म्हणून सापडलो. "तुम्ही वक्तृत्वाची पोरं तयार करता ना," प्राचार्य म्हणाले, "मग हेही तुमच्याकडेच. शेवटी बोलायचंच तर आहे."

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्पर्धेत पाच मिनिटं मिळतात आणि मागे पडद्यावर दहाएक स्लाइड. तेवढ्यात सांगायचं, की लोकांची अडचण काय, ती तुम्ही कशी सोडवणार, असे अडलेले लोक किती, ते पैसे का देतील आणि हे काम तुम्हालाच का जमेल. याला पिच म्हणतात. घंटा वाजली की गप्प व्हायचं. मग परीक्षक प्रश्न विचारतात, आणि खरी स्पर्धा तिथं सुरू होते. बक्षीस म्हणून कधी धनादेश असतो, कधी इन्क्युबेशन सेंटरमध्ये जागा. जागा म्हणजे सहा महिने राहायची सोय, वापरायला वर्कशॉप आणि आपल्या चुका दाखवायला जाणकार माणसं. हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा मला फक्त 'शेवटी बोलायचंच तर आहे' एवढंच माहीत होतं.

आमची पहिली टीम दौंडला गेली. पोराला मी दोन आठवडे घासून तयार केलं होतं. आवाजाचे चढउतार, हातवारे, शेवटचं टाळीचं वाक्य. तो उभा राहिला आणि त्यानं 'आदरणीय व्यासपीठ'पासून सुरुवात केली. अध्यक्ष झाले, प्रमुख पाहुणे झाले, संस्थेचे पदाधिकारी झाले, परीक्षक झाले, गुरुजनवर्ग झाला. साउंडवाल्या मामांचंही नाव त्यानं आठवणीनं घेतलं, कारण कुणाला वगळू नये असं मीच बजावलं होतं. मग चार ओळींची कविता, तीही माझीच. घंटा वाजली तेव्हा तो 'तर मित्रहो, आजच्या विषयाकडे वळण्यापूर्वी' इथवर आला होता. परीक्षकांनी मायेनं विचारलं, "बाळ, तुझं प्रॉडक्ट काय आहे?" तो म्हणाला, "सर, ते पुढं होतं."

दुसऱ्या वर्षी खुटबावच्या अनिकेतला नेलं. घरचं गुऱ्हाळ. चहाच्या एका कपाला एक, अशा गुळाच्या वड्या त्यानं पाडल्या होत्या. हा मुलगा स्टेजवर गेला आणि त्याची वाचाच बसली. दोन मिनिटं नुसता उभा. मग काय वाटलं कुणास ठाऊक, खाली उतरला आणि प्रत्येक परीक्षकाच्या तळहातावर एकेक वडी ठेवून जागेवर येऊन बसला. परीक्षकांनी वडी खाल्ली, आणखी मागितली, आणि आम्ही तिसरे आलो. यातून मी काय शिकावं? परीक्षकांना खायला घालावं, हे. पुढच्या वर्षी मी तीन टीम नेल्या आणि तिन्ही खाण्याच्या. तिसऱ्या टीमच्या ठेच्यानंतर एका परीक्षकांना इतका ठसका लागला की आयोजकांना मधली सुट्टी घ्यावी लागली. अनिकेतचा गूळ चांगला होता म्हणून त्याचा नंबर आला, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला बराच काळ गेला.

तर असा मी अनुभवी झालो, आणि मग प्रज्ञा आली.

प्रज्ञा निमोण्याची. बी.कॉम. होऊन एम.कॉम.ला नाव घातलेलं. तिची आई शोभाताई खुरपणीच्या टोळीची मुकादम. सात बाया, एक पिकअप गाडी, आणि कांद्याच्या दिवसांत निमोण्यापासून भीमेकाठी वडगाव रासाईपर्यंत कुठंही काम. प्रज्ञा स्टाफरूममध्ये आली ती हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. पिशवीतून तिनं फोमचा एक जाडजूड गोल काढला, वर जुन्या जीन्सची खोळ, दोन्ही बाजूंनी पट्टे. पट्टे कमरेला बांधले, पाठमोरी झाली आणि खाली बसली.

"बाया दिवसभर उकिडव्या बसत्यात, सर. तशाच सरकत पुढं जात्यात. ह्यो पाट बांधला की बूड टेकतं, गुडघ्यावर भार येत न्हाई. उठलं की पाट संगंच उठतो, हातानं उचलायचं काम न्हाई."

भर स्टाफरूममध्ये 'बूड' शब्द ऐकून मी इकडंतिकडं पाहिलं. गणिताच्या मॅडम पुन्हा खिडकीबाहेर बघत होत्या.

"आणि हे तू स्टेजवर दाखवणार?"

"हे असंच, सर."

फोम रांजणगावच्या कारखान्यांतला, मशिनांच्या पॅकिंगमधून निघालेला. भंगारवाल्याकडून तिनं तो आणला होता. अडचण एकच होती. पंधरा दिवसांत फोम दबायचा आणि पाट निकामी व्हायचा. टिकणारा पाट करायचा तर साचा हवा, मशीन हवं, ते शिकवणारं कुणीतरी हवं. त्या वर्षीच्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस नेमकं तेच होतं, पुण्यातल्या सेंटरमध्ये सहा महिन्यांची जागा. दुसऱ्या बाजूला तिच्या मामानं रांजणगावच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून तिचं नाव घातलं होतं आणि एक तारखेला हजर व्हायचं होतं. अंतिम फेरी त्याच्या चार दिवस आधी. जागा मिळाली तर पाट, नाही मिळाली तर शिफ्ट, असा सरळ हिशेब तिनं मला सांगितला.

मी पाट हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि तो ऐतिहासिक प्रश्न विचारला. "छान आहे. पण यात टेक्नॉलॉजी कुठं आहे?"

आदल्या वर्षी जिंकलेल्या सगळ्या टीमकडे ॲप होतं, सेन्सर होता, पडद्यावर वरखाली जाणारा आलेख होता. आमच्याकडे जीन्सची खोळ होती. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना कामाला लावलं आणि काडेपेटीएवढी एक डबी बनवून घेतली. ती पाटाखाली बसवायची. बाई किती वेळ कामात आहे, किती हालचाल करते, हे डबी मोजणार आणि मालकाला मोबाइलवर दिसणार. आता ग्राहक बाई नव्हती, शेतमालक होता. तो पैसेही देणार होता. माझ्या व्याख्यांमध्ये सगळं चपखल बसलं.

"पण सर, बायांना डबीचा काय उपयोग?" प्रज्ञानं विचारलं.

"डबी बायांसाठी नाही, परीक्षकांसाठी आहे," मी म्हणालो. हे वाक्य मला एवढं आवडलं की मी ते डायरीत लिहून ठेवलं.

डबी घेऊन मी स्वतः निमोण्याला गेलो. शोभाताईंनी चहा केला, बिस्किटं मागवली. मी अर्धा तास डबीचं कौतुक सांगितलं. त्यांनी पदर सावरून शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चांगली हाय की, सर." मी त्यानंतर आणखी तीनदा गेलो, तीनदा चहा प्यालो. डबीतली माहिती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. आलेख तर काय देखणा आला! सकाळी जोर, दुपारी बारा ते तीन जरा मंद, आणि संध्याकाळी पाचनंतर पुन्हा एकदम उसळी. टोळीची गाडी पाचला परत निघते हे मला माहीत होतं. तरी मी त्या उसळीखाली 'पाटामुळे वाढलेली कार्यक्षमता' असं लिहिलं. प्राथमिक फेरीत आम्ही पहिले आलो.

अंतिम फेरी पुण्यात होती. सुरुवातीला 'उत्कृष्ट मार्गदर्शक' म्हणून चार प्राध्यापकांचा सत्कार होता आणि त्यात मी होतो. निवृत्तीला सहा महिने राहिलेले, त्यामुळे डोळेही जरा भरून आले. अंगावर शाल, मांडीवर नारळ, अशा थाटात मी पहिल्या रांगेत बसलो.

प्रज्ञा सुरेख बोलली. कविता नाही, मान्यवर नाहीत. पाट कमरेला बांधून ती सभागृहात खाली बसली तेव्हा कुणीही हसलं नाही. मग आलेख दाखवला. परीक्षकांमध्ये स्वतःचा कारखाना चालवणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "आकडे छान आहेत. पण मला तुमच्या एका ग्राहकाशी बोलायचंय. आत्ता. फोन लावा आणि स्पीकरवर टाका."

प्रज्ञानं आईला फोन लावला. शोभाताई वडगाव रासाईला कांद्याच्या वावरात होत्या.

"आई, हितं परीक्षक मॅडम हायेत. त्यांना बोलायचंय."

"बोला बाई, जय भीम."

"ताई, हा पाट तुम्ही वापरता का?"

"व्हय. सकाळी बांधला की जेवायलाच सोडायचा. समद्या सात जणींकडं हाय. पयल्यावानी गुडघं ठणकत न्हाईत आता."

"आणि त्याच्याखाली जी डबी आहे, ती कशी वाटते?"



"डबी व्हय? ती न्हाई वापरत आमी."

"का?"

"ती मालकाला सांगती, आमी किती येळ बसलो आन् किती येळ हाललो. आमी काय कामचोर हाय का, बाई? पर सर एवढ्या लांबनं येत्यात, त्यांचं मन कशाला मोडायचं? म्हून मी ती शेळीच्या गळ्यात बांधली. बंद पडाय नगो. शेळी लई गुणाची हाय, डबीला तोंड लावत न्हाई."

सभागृह हसून लोटपोट झालं. पडद्यावर आलेख तसाच होता. पाचनंतरची उसळी, म्हणजे शेळी चरून घरी परत येण्याची वेळ. शोभाताई पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होत्या. प्रज्ञानं "आई, ठेवते" म्हणून फोन बंद केला.

"मग हे कसं झालं?" बाईंनी विचारलं. त्या हसत नव्हत्या.

प्रज्ञानं पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. फार नाही, एखादा श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. मी नारळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला.

"मॅडम, डबी लावायचं मी ठरवलं," ती म्हणाली. "पाट आईला विचारून केला होता, डबी न विचारता लावली. चूक माझी आहे. आलेख शेळीचा आहे, पण पाट खरा आहे."

आम्ही दुसरे आलो. स्मृतिचिन्ह, प्रमाणपत्र. जागा पुण्याच्याच एका टीमला मिळाली.

इथवरची गोष्ट मी बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे. निरोप समारंभात तर या गोष्टीनं सभा जिंकली. शेळीचा भाग मी चांगला रंगवतो. पुढचा भाग मात्र चारचौघांत कधी सांगितला नाही, बायकोलाही नाही.

निकालानंतर चहाच्या टेबलाशी त्या परीक्षक बाई माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, पाट उत्तम आहे. मी पहिला नंबर देणार होते. पण जी मुलगी स्वतःच्या आईवर पाळत ठेवणारं यंत्र बसवते आणि वर आईला विचारतही नाही, तिच्या हाती सहा महिने वर्कशॉप द्यायला मन होईना. समज थोडी कमी पडते."

मी अजून शाल पांघरूनच होतो. फेब्रुवारीतही घाम फुटला होता. एका वाक्याचं काम होतं. डबी माझी, तिचा विरोध होता, एवढं म्हटलं असतं तर कदाचित निकाल फिरला नसता, कदाचित फिरलाही असता. बाई थांबल्या होत्या.

मी म्हणालो, "हो, वय लहान आहे."

एकतीस वर्षं पोरांना बोलायला शिकवलं आणि माझ्यावर बोलायची वेळ आली तेव्हा एवढंच सुचलं. माझी मला लाज वाटली, पण त्या क्षणी नाही. त्या क्षणी मी बाकरवडी घेतली.

परतीच्या एसटीत प्रज्ञानं मला खिडकीची जागा दिली. "सर, शेळीनं फायनलपर्यंत आणलं आपल्याला," असं म्हणून ती हसलीसुद्धा. एक तारखेला ती कंपनीत हजर झाली. एम.कॉम. सुटलं. मी निवृत्त झालो.

गेल्या हिवाळ्यात, म्हणजे त्या फायनलला जवळजवळ वर्ष होत आलं तेव्हा, तिचा फोन आला. "सर, नवा पाट केलाय. उद्या मला सुट्टी हाय. वडगाव रासाईला येताय का?"

"कुठली स्पर्धा आहे?" मी विचारलं. सवयच तशी.

"स्पर्धा न्हाई, सर. तुमच्या वजनाचं टोळीत कुणी न्हाई. जरा बसून बघा."

गेलो. प्रज्ञानं कंपनीतल्या सुपरवायझरना विचारून दाट फोमचे तुकडे मिळवले होते आणि सुट्टीच्या दिवशी घरी बसून पाट शिवले होते. हा फोम महिनाभर दबत नव्हता, पण जड माणसाला कसा झेपतो हे बघायचं राहिलं होतं. तिनं माझ्या कमरेला पट्टे आवळले. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी वाफ्यात बसलो, हातात खुरपं घेतलं आणि पहिल्याच झटक्यात एक रोप उपटलं.

"सर, त्यो कांदा हाय," शेजारच्या वाफ्यातून शोभाताई म्हणाल्या.

तासाभरानं प्रज्ञा वही घेऊन शेजारी येऊन बसली. "गुडघा दुखतो का?"

"नाही, नाही. मस्त आहे."

"खरं सांगा, सर. न्हाईतर लिहून काय उपयोग?"

"दुखतो. डावा."

तिनं लिहिलं. तिचं ते खाली मान घालून लिहिणं बघता बघता मला राहवेना. म्हणालो, "प्रज्ञा, त्या दिवशी डबी माझी होती हे मी उठून सांगायला हवं होतं. चहाच्या वेळी त्या बाईंनी मला स्पष्ट सांगितलं, की पाट पहिला होता, पण डबी तू लावलीस म्हणून त्यांनी जागा दिली नाही. तेव्हाही मी गप्प बसलो."

ती लिहायची थांबली. 

"व्हय, सर," ती म्हणाली. "सांगायला पायजे होतं."

मला वाटलं होतं ती 'जाऊ द्या' म्हणेल. आपल्याकडं मास्तरांना तेवढं म्हणतातच.

शेजारच्या वाफ्यातलं खुरपं थांबलं होतं. शोभाताई माझ्याकडं बघत होत्या.

"म्हंजी," त्या म्हणाल्या, "मी फोनवर बोलले म्हून न्हाई गेली व्हय पोरीची जागा?"

"नाही, शोभाताई. तुमच्या बोलण्यानं नाही. तुम्ही पाटाबद्दल बोललात, तेच त्यांना पटलं होतं."

"आई, तुला कोण म्हणलं तसं?" प्रज्ञानं विचारलं.

"कोण कशाला म्हणंल? समदी हसली ते ऐकलं की मी. तवापासनं म्हणतीय, गप बसले असते तर पोरगी पुण्याला गेली असती. ती शिफ्टवरनं दमून येती, मी तिच्या तोंडाकडं बघत न्हवते."

त्यांनी डोळे पुसले, पदरानं नाही, मातीच्या हाताच्या मनगटानं. मग मला विचारलं, "सर, साल झालं. तुमी निमोण्यावरनं कितींदा गेला असाल. मला एकदा सांगायचं तरी."

मी मान खाली घातली आणि पाचला गाडी येईपर्यंत त्यांच्या शेजारच्या वाफ्यात खुरपत राहिलो.